सोदांक्युलाचा तंबू: अण्णांसोबत लॅपलँडमधले पाच दिवस

आधी थोडं अण्णांबद्दल सांगते. माझे वडील, म्हणजे अण्णा, 1974 ते 79 अशी पाच वर्षं तंबू टॉकीजवर होते. सुरुवातीला खुंट ठोकायला, मग दारावर, आणि शेवटची तीन वर्षं ऑपरेटर, म्हणजे सिनेमाचं मशीन चालवायला. पुसेगाव, पाल, म्हसवड, जिथे जत्रा तिथे तंबू. पुढे एसटीच्या वर्कशॉपला नोकरी लागली आणि ते सगळं सुटलं, पण घरात अजून कुठेही टीव्हीवर जुना सिनेमा लागला की ते पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बघतात, का ते पुढे येईलच.

मी फिनलंडमध्ये एस्पोला राहते, नोकरीमुळे, सहा वर्षं झाली. यंदा आई गेल्यावर पहिल्यांदाच अण्णा दोन महिन्यांसाठी आले आणि मी ठरवलं की यांना हेलसिंकीची चर्चं दाखवत बसायचं नाही, यांना सोदांक्युलाला न्यायचं. फिनलंडच्या उत्तरेला, लॅपलँड भागात, आर्क्टिक सर्कलच्या पण वर साधारण 120 किलोमीटरवर एक गाव आहे, तिथे जूनच्या मध्यावर पाच दिवस सिनेमाचा महोत्सव होतो, सूर्य मावळतच नाही म्हणून चोवीस तास सिनेमे चालू असतात, आणि महत्त्वाचं म्हणजे बरेचसे तंबूत. इंग्रजीत मिडनाइट सन फिल्म फेस्टिव्हल म्हणतात. बुधवार ते रविवार असतो. मी ऑफिसातल्या लोकांकडून खूप ऐकलं होतं पण गेले नव्हते.

मंगळवार रात्र, बुधवार

हेलसिंकीहून रोवानिएमीला रात्रीची ट्रेन, साधारण बारा तास, स्लीपर घेतली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त अण्णा रात्रभर खिडकीशी बसून होते कारण अंधार होतोय का ते त्यांना बघायचं होतं. तो झाला नाही. पहाटे तीनला मला उठवून म्हणाले, "आगं, बाहेर दिवस हाय अजून."

रोवानिएमीहून पुढे बस, 130 किलोमीटर, दोन तास. दोन्ही बाजूला पाइन आणि बर्च, मधे मधे दलदल, आणि रस्त्यावर रेनडिअर, जे अजिबात हलत नाहीत, बस थांबते आणि वाट बघते. अण्णांना ते फार आवडलं, आपल्याकडे म्हशी आडव्या आल्यावर जे होतं तेच सगळं, फक्त हॉर्न कोणी वाजवत नाही.

आणि मग माझ्या हातून घोळ झाला. उतरताना अण्णांची कापडी पिशवी वरच्या रॅकवर राहिली, त्यात त्यांचा लांबचा चष्मा आणि बीपीच्या गोळ्या. बस पुढे उत्तरेला निघून गेली. मला रडूच यायला लागलं, म्हणजे सिनेमा बघायला आणलं आणि चष्माच नाही. महोत्सवाच्या माहिती काउंटरवर एक विशीतली मुलगी होती, तिला सांगितलं. तिने एक प्रश्न विचारला, "गोळी आज घ्यायची आहे का उद्या?" सकाळची घेऊन झाली होती. मग तिने फोन लावला, फिनिशमध्ये दोन मिनिटं बोलली, फोन ठेवला आणि म्हणाली की उद्या सकाळच्या परतीच्या बसने पिशवी येईल, ड्रायव्हर स्वतः आणून देईल, आणि आली नाहीच तर आपण दहा वाजता मिळून आरोग्य केंद्रात जाऊ. मग काउंटरखालून स्वतःची दुर्बीण काढून अण्णांच्या हातात दिली, पक्षी बघायची. म्हणाली आजच्यापुरती घ्या.

पहिला सिनेमा अण्णांनी दुर्बिणीतून बघितला.

ही मुलगी पगारी नाही हे मला नंतर कळलं. ती ओउलूला शिकते, परीक्षा संपल्या की येते, तिसरं वर्ष. तिकिटं तपासणारे, तंबूच्या दाराशी उभे राहणारे, पाहुण्यांना गाडीतून आणणारे, रात्री तीनला कचरा उचलणारे यातले बहुतेक असेच आलेले. जेवण आणि सिनेमे मिळतात आणि झोपायला कुठेतरी जागा. ह्या प्रकाराला फिनिशमध्ये तालकोत म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून एखाद्याचं काम उरकून द्यायचं, कोणाचं छप्पर घालायचं असेल, गवत कापायचं असेल, आणि ज्याचं काम त्याने जेवू घालायचं. मी हे अण्णांना समजावून सांगायला लागले तर अर्ध्यातच म्हणाले, "म्हंजे इर्जिक." बरोबर, इर्जिकच. मी कॉलेजनंतर तो शब्द ऐकलाच नव्हता.

राहण्याबद्दल: हॉटेलं मोजकी आहेत आणि फार आधी भरतात, बरेच लोक कॅम्पिंग करतात. आम्हाला एका आजींच्या घरी खोली मिळाली, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या ओळखीने. जायचं असेल तर जानेवारीतच बघायला लागा. डोळ्यावर बांधायची पट्टी न्या, ती नसेल तर झोप येणार नाही, पडदे कितीही जाड असले तरी. आणि जूनमध्ये आहे म्हणून हलके कपडे नेऊ नका, आम्हाला दुपारी 19 आणि रात्री 5 डिग्री होतं.

गुरुवार

पिशवी सकाळी पावणेदहाला आली. ड्रायव्हरने अण्णांच्या हातात दिली, हात मिळवला, गेला.

मग शाळेत गेलो. तिथे रोज सकाळी दहाला एका पाहुण्या दिग्दर्शकाशी गप्पा असतात आणि त्या ह्या महोत्सवाचा कणा आहेत असं सगळेच म्हणतात. स्टेजवर दोन खुर्च्या, एक टेबल, पाणी. फुलं नाहीत, दीपप्रज्वलन नाही, मान्यवरांचे सत्कार नाहीत. अण्णा दोनदा विचारून गेले, "सुरू झालं का?" तेव्हा सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती.

हा महोत्सव 1986 ला सुरू झाला. सुरू करणारे म्हणजे फिनिश दिग्दर्शक काउरिसमाकी बंधू, मिका आणि आकी, अजून एक दिग्दर्शक अन्सी मँत्तारी, आणि पेटर फॉन बाग नावाचे सिनेमाचे इतिहासकार, आणि त्यांच्याबरोबर सोदांक्युलाची नगरपालिका, म्हणजे आपल्या हिशोबाने ग्रामपंचायतच. फॉन बाग अगदी 2014 ला वारले तोपर्यंत महोत्सव सांभाळत होते. सकाळच्या गप्पा त्यांच्याच, आणि पहिला प्रश्न कायम एकच, तुम्ही आयुष्यात पाहिलेला पहिला सिनेमा कोणता. समोर कोणीही असो, सॅम्युअल फुलर, मायकेल पॉवेल, मिलॉश फोरमन, कोपोला, किआरोस्तामी, सगळ्यांना तोच. आणि एक दुसरा ठरलेला प्रश्न, निर्जन बेटावर एकच सिनेमा न्यायचा तर कोणता न्याल. ते गेल्यावर पण लोकांनी हे प्रश्न सोडले नाहीत, आम्ही गेलो त्या दिवशी पण तोच पहिला प्रश्न आला आणि हॉलमध्ये सगळीकडे एक हलकी खसखस पिकली, ओळखीचं माणूस दारात दिसल्यावर होते तशी.

मी अण्णांच्या कानात भाषांतर करत होते. बाहेर आल्यावर पायरीवर बसून मी त्यांनाच विचारलं, अण्णा तुमचा पहिला सिनेमा कोणता हो? इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. तर म्हणाले नाव नाही आठवत, पण मागनं बघितला. म्हणजे? म्हणजे तिकिटाला पैसे नव्हते, सात-आठ वर्षांचे असतील, तर तंबूच्या कनातीखालून सरकून पडद्याच्या मागच्या बाजूला बसले. सगळी अक्षरं उलटी, हिरो डावखुरा. पुढे मोठं झाल्यावर तोच सिनेमा समोरून बघितला तेव्हा तो उजव्या हाताने तलवार चालवतोय हे बघून चुकल्यासारखं वाटलं.

बेटाच्या प्रश्नावर मात्र ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "एकट्यानं बघायचा आसंल तर कशाला न्यायाचा." मला वाटतं हा महोत्सव काढणाऱ्या चौघांनाही हे उत्तर पटलं असतं.

एक अजून, मी सांगितलं की मिका 1955 चे आणि आकी 57 चे, तर अण्णा 56 चे. दोघांच्या बरोबर मधले. त्यानंतर पाचही दिवस ते "थोरला" आणि "धाकटा" असंच म्हणत होते, घरातलेच असल्यासारखे.

दुपारी मोठ्या तंबूत मूकपट होता, समोर वादक बसून संगीत वाजवतात. अण्णांसाठी मी मुद्दाम जास्तीत जास्त मूकपट निवडले होते कारण सबटायटल फिनिश किंवा इंग्रजी, त्यांचं वाचून होत नाही. (टीप: कुठल्या शोला कुठल्या भाषेचं सबटायटल आहे ते कार्यक्रमपत्रिकेत नीट बघूनच तिकीट काढा, सगळ्यांना इंग्रजी असेलच असं नाही.) मधेच पाऊस आला. तंबूवर पाऊस वाजायला लागला की पडद्यावरचं काहीही चाललेलं असो, सगळा तंबू एकदम जवळ येतो, खांदे आखडून बसतात लोक. वादकांनी आवाज थोडा खाली घेतला, पावसाला जागा दिल्यासारखा, आणि पाच मिनिटं तो पाऊस सिनेमाचाच भाग झाला. अण्णा मात्र वर बघत होते. म्हणाले, पाणी साठतंय डाव्या कोपऱ्यात, कोणीतरी खालनं बांबूनं ढकलायला पायजे. आणि खरंच दोन मिनिटांनी बाजूने एक पोरगा वाकून वाकून आला, हातात लांब काठी, वर टोक लावलं आणि पाणी बाहेर फेकलं. अण्णांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

शुक्रवार

सकाळी आजींबद्दल. वय 82. आम्ही पोचलो तेव्हापासून अण्णांशी फिनिशमध्ये बोलत होत्या आणि अण्णा त्यांच्याशी मराठीत, आणि कोणाचं काही अडलं नाही. शुक्रवारी नाश्त्याला राय ब्रेड, उकडलेली अंडी आणि एका ताटलीत पांढरा-पिवळा, वरून तपकिरी डाग पडलेला चपटा चीजचा तुकडा, त्यावर क्लाउडबेरीचा जॅम. ह्याला लेइपायुस्तो म्हणतात, दातात करकर वाजतो. आजी म्हणाल्या (त्यांची नात फोनवर इंग्रजीत सांगत होती) की हा पूर्वी गाय व्याल्यावरच्या पहिल्या दुधाचा करायचे, आता साध्या दुधाचा. मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी तुकडा परत तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "चिकाचा. खरवस हाय ह्यो." आता हा भाजलेला असतो, गोड नसतो, वेलची नाही, पण चीक तो चीकच. आजींना मी खरवसाचा फोटो दाखवला, त्यांनी चष्मा लावून बघितला आणि अण्णांकडे बोट करून मान हलवली, म्हणजे हे गृहस्थ गाईंमधले आहेत असं ठरलं.

आजींचा जन्म 1943 चा. 1944 च्या शरद ऋतूत जर्मन सैन्य माघार घेताना लॅपलँड जाळत गेलं, सोदांक्युला पण जळालं, लोकांना आधीच हलवलं होतं, बरेच स्वीडनला गेले. आजी आईच्या कडेवर गेल्या आणि परत आल्या तेव्हा घर नव्हतं. नदीजवळचं जुनं लाकडी चर्च मात्र राहिलं, 1689 चं आहे, जरूर बघा, आत काहीच दागदागिने नाहीत, नुसतं जुन्या लाकडाचं करडं अंग, हात लावला की थंड. आजी म्हणाल्या की गाव सगळं नंतरचं आहे, म्हणून दिसायला साधं आहे, लोक येतात आणि म्हणतात इथे बघण्यासारखं काही नाही. तर 1986 ला जेव्हा ही सिनेमावाली माणसं आली आणि म्हणाली आम्हाला इथेच करायचंय, तेव्हा गावाला आधी खरंच वाटलं नाही. त्यांच्या यजमानांनी पहिल्या वर्षी आपला ट्रॅक्टर दिला होता. काय ओढायला ते त्यांना आठवत नव्हतं, पण ट्रॅक्टर दिला होता.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सगळीकडे नावं त्या चौघांची येतात आणि ती यायलाच हवीत, त्यांच्या डोक्यातनं निघालं. पण जगातली मोठमोठी माणसं ज्या गावात येतात त्या गावाने पहिल्या दिवसापासून घरं उघडली, शाळा उघडली. इथे स्पर्धा नाही, बक्षिसं नाहीत, लाल गालिचा नाही, त्यामुळे कोणी कोणाच्या वर नाही. पहिल्याच वर्षी आलेल्या सॅम्युअल फुलरच्या नावाने गावात रस्ता आहे, आम्ही पाटीखाली फोटो काढला. साधा रस्ता, सायकलवाली मुलं जात होती.

संध्याकाळी लापिन्सूला गेलो, गावातलं एकमेव कायमचं थिएटर, छोटंसं. तिथे त्या दिवशी 35 एमएमची जुनी प्रिंट होती. मी त्या पहिल्या दिवशीच्या मुलीला अण्णांबद्दल सांगून ठेवलं होतं, ती म्हणाली होती विचारते. शो संपल्यावर दारातल्या मुलाने खूण केली आणि आम्हाला वर केबिनमध्ये नेलं, दहा मिनिटांसाठी.

ऑपरेटर एक पन्नाशीच्या बाई होत्या. हेलसिंकीला राहतात, दर जूनमध्ये सुट्टी काढून येतात. दोन मशीनं शेजारी शेजारी. अण्णा दारातच थांबले, चपला काढल्या. मी म्हटलं अण्णा नको, इथे चालतं, पण त्यांनी काढल्याच, आणि त्या बाईंनी ते बघितलं आणि काही न बोलता बाजूला झाल्या. अण्णांनी मशीनला हात लावला नाही, मागे हात बांधून वाकून वाकून बघितलं, फिल्म कुठनं जाते, गेट कुठे, साउंडचं ड्रम कुठे. मग दिव्याच्या घराकडे बोट करून मला म्हणाले, "विचार, कार्बन?" मी विचारलं. नाही, झेनॉनचा दिवा. अण्णा म्हणाले आमचं कार्बनचं होतं, दोन कांड्या, जळून आखूड व्हायच्या तशा हातानं पुढं सरकवत राहायच्या, अंतर चुकलं की पडदा पिवळा पडायचा नाहीतर निळा. आणि मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लावायचे, पब्लिक शिट्ट्या मारायचं, दीड मिनिटात दुसरं चढवायचं.

मी हे भाषांतर करत होते पण मधेच गरज उरली नाही. अण्णांनी हवेत चौकोन काढला, त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाने एक टिंब दिलं, थांबले, परत एक टिंब दिलं. बाई एकदम हसल्या आणि त्यांनी पण हवेत तेच केलं. ते टिंब म्हणजे रीळ संपायच्या आधी कोपऱ्यात दोनदा चमकणारी खूण, पहिल्या खुणेला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसरीला बदलायचं. मधे सात-आठ सेकंद. एकच मशीन असलं तरी पहिली खूण दिसली की अण्णा दिव्याच्या बटणावर हात ठेवायचे. म्हणून ते घरी टीव्हीवर अजून कोपऱ्यात बघतात.

निघताना बाईंनी त्यांना एक छोटा फिल्मचा तुकडा दिला, जोडताना कापून टाकलेला काळा लीडर, म्हणजे रिळाच्या टोकाची कोरी पट्टी, चार-पाच इंच. त्यावर चित्र नाही काही. अण्णांनी तो पाकिटात आईच्या फोटोमागे ठेवला.

खाण्याचं: चौकात गाड्या लागतात, मुइक्कु म्हणजे छोटे मासे राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळलेले, कागदाच्या द्रोणात, फार सुंदर, आपल्या तळलेल्या मांदेलींची आठवण येते. रेनडिअरचं मटण बटाट्याच्या लगद्याबरोबर आणि वर आंबट लिंगोनबेरी, अण्णांनी खाल्लं, मी नाही. शाकाहारी असाल तर सूप, ब्रेड, पिझ्झा मिळतं पण रोज तेच होईल, सुपरमार्केट चांगलं आहे आणि उघडं असतं. आम्ही चिवडा, मेतकूट आणि थालिपीठाची भाजणी नेली होती, आजींच्या तव्यावर थालिपीठं लावली. लोणचं पण आजींना आवडलं, अर्धी बाटली ठेवून आलो.

शनिवार

डासांचं आता सांगते कारण शनिवारी वारा पडला आणि ते आले. नुसते डास नाहीत, ढग. नदीकाठी तर तोंड उघडायची सोय नाही. डोक्यावरून घ्यायची जाळी तिथेच दुकानात मिळते, पहिल्याच दिवशी घ्या, आमच्यासारखं थांबू नका. काळे कपडे टाळा. तंबूत मात्र कमी असतात.

दिवसभर विशेष काही बघितलं नाही, दुपारी झोपलो, कारण रात्रीचा शो होता. इथले लोक सांगतात की बाकी काही नाही केलं तरी चालेल पण रात्री बाराचा शो बघून दोनला बाहेर पडलंच पाहिजे. आम्ही आधी गाण्यांच्या शोला गेलो, मोठ्या तंबूत, पडद्यावर सिनेमा आणि खाली गाण्याचे शब्द, आणि हजारभर लोक बरोबर गातायत, म्हातारे, पोरं, सगळे. फिनिश लोक बोलत नाहीत असं मी सहा वर्षं सगळ्यांना सांगत आले, ते मागे घेते. शेजारी बसलेल्या माणसाने अण्णांच्या खांद्यावर हात टाकला आणि डुलायला लागला, अण्णांना शब्द कुठे येतात, पण चाल पकडली आणि तोंडाने हरिपाठाला धरतात तसा नुसता सूर धरला.

मग बाराचा. काळ्याकुट्ट तंबूत दीड तास. रात्र असल्यासारखं वाटायला लागतं, शरीराला पण. कोणीतरी पांघरुणं वाटत होतं. आणि मग संपतो आणि कनात बाजूला होते आणि समोर सूर्य. उत्तरेला, अगदी खाली, झाडांच्या शेंड्यांना टेकलेला, सगळं पिवळं, गवतावर लांब सावल्या, घड्याळात पावणेदोन. सगळे जण दारात एक क्षण थबकतात, डोळ्यावर हात घेतात. दाराशी उभा असलेला मुलगा म्हणाला की दरवर्षी तो हीच ड्यूटी मागून घेतो, त्याला सिनेमा नको असतो, त्याला लोकांचे हे चेहरे बघायचे असतात.

अण्णा बाजूला झाले आणि तंबूच्या कडेने चालत गेले. मला वाटलं लघवीला. तर ते खुंट बघत होते. लोखंडी, जाड, आणि दोराला ताण द्यायला रॅचेट. पायाने दाबून बघितलं, मग दोर वाजवून बघितला, सतारीची तार वाजवावी तसा. पुसेगावला थंडीत रात्री दव पडायचं, दोर आखडायचे आणि खुंट उपटायचे, म्हणून शो सुटल्यावर शेवटचं काम म्हणजे सगळे दोर थोडे सैल करत एक फेरी. पाच वर्षं ती फेरी अण्णांनी मारली. इथे नायलॉनचे, आखडत नाहीत. तरी त्यांनी पूर्ण फेरी मारली, मी मागून चालत गेले. पावसाने चिखल झाला होता, आवाज फक्त आमच्या बुटांचा आणि लांब कुठेतरी कोकिळेसारखा एक पक्षी.

रविवार आणि सोमवार सकाळ

रविवारी दोन सिनेमे, एक चांगला, एक मला समजला नाही. संध्याकाळी लोक निघायला लागले, गाड्या दक्षिणेकडे. आजींच्या घरी नदीकाठी लाकडावरचा साउना होता, आजींच्या नातवाने तापवून दिला, अण्णा आधी नको म्हणाले, मग पाऊण तास बसले आणि बाहेर येऊन म्हणाले गुडघा बोलत नाही आता. (साउनात ज्येष्ठांनी बेताने बसा, पाणी प्या, बीपी असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, आम्ही निघायच्या आधीच विचारलं होतं.)

सोमवारी आमची बस अकरानंतर. सामान घेऊन साडेआठलाच चौकात आलो तर मोठा तंबू उतरवणं चालू होतं. वीस-पंचवीस जणं, बहुतेक पोरं-पोरी, चार दिवस न झोपलेली, डोळे सुजलेले. पहिल्या दिवशीची मुलगी पण होती, हेल्मेट घालून. दुर्बीण मी तिला गुरुवारीच परत दिली होती. अण्णा पाच मिनिटं बघत उभे राहिले, मग बॅग माझ्या पायाशी ठेवली आणि गेले.

खुंटांजवळ त्यांना येऊ दिलं नाही, हेल्मेट आणि विमा असल्याशिवाय नाही, आणि ते बरोबरच आहे. पण तिथल्या प्रमुखाने त्यांचे हात बघितले आणि सोडलेल्या दोरांच्या ढिगाकडे बोट केलं. अण्णा कोपर आणि पंजा यांच्यात आठाच्या आकड्यात दोर गुंडाळतात, शेवटचा फेरा मधे घेऊन गाठ मारतात, म्हणजे पुढच्या वेळी एक टोक ओढलं की सगळा दोर गुंता न होता सुटतो. दोन पोरं थांबून बघायला लागली. अण्णांनी परत हळू करून दाखवलं. मग ती पण तशीच गुंडाळायला लागली, आणि एकीचं चुकलं तर अण्णा मराठीत म्हणाले, "तसं न्हाय गं बाय, मधनं घे," आणि तिने मधनं घेतलं.

कापड खाली आलं तेव्हा हवेचा एक मोठा उसासा निघाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिथे तंबू होता तिथे गवत पिवळं पडलेलं, मोठा गोल. मोठ्या किटलीतून कॉफी आली, दालचिनीचे बन आले, अण्णांच्या हातात पण एक कप आला, काम केलेल्याला जेवू घालायचं तसा.

बस आली तेव्हा त्यांच्याकडे दोन दोर उरले होते. मी हाका मारल्या. ड्रायव्हर तोच होता, पिशवीवाला, त्याने खिडकीतून बघितलं आणि इंजिन बंद केलं.